रबराची धाव

आमचे मिस्त्री यंत्राचं दुखणं दातांनी ऐकायचे. यंत्र जरा कुरकुरू लागलं की हातभर लांबीची एक शिसवी काठी घ्यायची, तिचं एक टोक चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं दातांत पकडायचं, दोन्ही कानांत बोटं घालायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा यंत्राला चावतोय. मिनिटभराने काठी तोंडातून काढून ते निदान सांगत, "वरचं चाक रडतंय. तेल पाजा." आणि खरोखरच वरच्या चाकाचं तेल संपलेलं असे. त्यांच्या तोंडात समोरचे चारच दात उरले होते. भाकरी ते दुधात कुस्करून खात, कारण हे चार दात कामासाठी राखून ठेवलेले होते.

मिस्त्री मूळचे जामखेडकडचे, पिढीजात बैलगाडीची चाकं करणारे सुतार. तिकडे लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, गावात नवी गाडी कोणी करीना, तेव्हा वाकस, पटाशी ही सुतारकीची हत्यारं पिशवीत घालून ते नगरला आले. माळीवाड्याच्या पुढे आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत मी नुकताच लाकूडकामाचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक तेलाचं इंजिन आणि बंद पडलेल्या एका कारखान्यातून जुनी म्हणून घेतलेली बँडसॉ, लाकूड कापायची यांत्रिक करवत. मी सव्वीस वर्षांचा होतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मास्तरकी नाहीतर कारकुनी. माझे वडील, अण्णा, हायस्कुलात भूमिती शिकवून निवृत्त झालेले. मी लेखणी टाकून करवत धरली म्हणून ते शेडमध्ये पाऊलसुद्धा टाकत नसत. मिस्त्रींच्या भावकीनेही "यंत्राच्या दारात चाकरीला गेला" म्हणून त्यांना नावं ठेवली होती. आम्हां दोघांचं जमायला तेवढं पुरेसं झालं.

"दमानं" हा त्यांचा आवडता शब्द. मी फळी उचलली की "दमानं". इंजिनाला हँडल मारलं की "दमानं, मालक". मला मालक म्हणायचे, पण त्या हाकेत मालकी त्यांचीच असायची. एकदा मी चिडून म्हणालो, "मिस्त्री, अहो यंत्र आणलंय ते घाईसाठीच ना?" ते शांतपणे म्हणाले, "घाई यंत्रानं करावी. मानसानं केली का बोटं जात्यात." माझी दहाही बोटं आज जागेवर आहेत, याचं श्रेय त्या शब्दाला द्यायला हवं.

दुसरी एक सवय आमच्याकडे येणाऱ्यांना चमत्कारिक वाटे. काम बिघडलं की मिस्त्री तो बिघडलेला तुकडा फेकून देत नसत, शेडच्या भिंतीला खिळा मारून टांगून ठेवत. चाकाचा वाकडा कापलेला आरा, चाकाच्या मधला चिरलेला तुंबा, माझ्या हातून भलतीकडे गेलेली टेबलाची फळी, सगळं तिथे ओळीने. गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी तिकडेच जाई आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. मी एकदा ते उतरवायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. झाकलेली चूक परत येती. टांगलेली येत न्हाई."

त्या भिंतीवर सर्वांत जास्त गर्दी झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वर्षांत, एका नवरात्राच्या आगेमागे.

पोळ्यानंतर पाथर्डीकडचा सोनबा नावाचा गाडीवान आमच्याकडे आला होता. त्याच्या वस्तीवरच्या आठ गाड्या दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला उत्तरेकडच्या साखर कारखान्यावर ऊस वाहायला जात. बायकापोरं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं गाडीत घालून सहा महिने तिकडेच राहायचं. आठही गाड्यांची चाकं झिजून गेली होती. आठ गाड्या म्हणजे सोळा चाकं. हाताने करायची तर कुठलाही सुतार पुढच्या पोळ्याचा वायदा दिला असता. मी बँडसॉच्या जिवावर छाती फुगवून म्हणालो, "पाडव्याच्या आत देतो." मिस्त्री नेहमीचा शब्द म्हणाले, पण तोवर मी सोनबाच्या हातावर हात मारला होता.

बँडसॉ म्हणजे पुरुषभर उंचीचं यंत्र. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोहोंवरून गोल फिरणारं लांबलचक दातेरी पातं. ते ताठ उभं धावतं म्हणून त्यावर लाकूड हवं तसं वळवून कमानदार कापता येतं. गाडीच्या चाकाचा घेर ज्या कमानदार तुकड्यांचा होतो त्यांना पुठे म्हणतात. एका चाकाला सहा, सोळा चाकांना शहाण्णव. बाभळीच्या लाकडाचे हे शहाण्णव पुठे आम्ही यंत्रावर कापणार होतो. मधले तुंबे आणि आरे मिस्त्रींनी हाताखालच्या तिघा सुतारांना घेऊन तयार केले, आणि पुठ्यांना हात घालायच्या दिवशी यंत्राने दगा दिला.

यंत्राच्या दोन्ही चाकांच्या कडेला रबराचा टायर चढवलेला असतो. पातं त्या रबरावर बसून फिरतं. आमचं रबर जुनंच होतं. मधोमध झिजून त्याची पन्हळ झाली होती, आणि त्या दिवशी त्याचे तुकडे सुटून चटणीसारखे शेडभर उडाले. नव्या रबरासाठी मी मुंबईच्या एजंटाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं: मलाया जपान्यांकडे गेला आहे, उरलेलं रबर लष्कराला जातं, युद्ध संपल्यावर लिहावे. गावातला एक वखारवाला तर यंत्र मोडीत घ्यायची तयारी दाखवून गेला.

मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून सोल्यूशनने चाकावर चिकटवल्या. मिस्त्रींनी जोडावरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं, पण मला अडवलं नाही. यंत्र सुरू झालं. दर फेऱ्याला जोडावर पातं टक, टक असं उडे. तिसऱ्या पुठ्यालाच ते तुटलं आणि माझ्या कानाशेजारून फडफडत गेलं. आमच्याकडे तीनच पाती होती, आणि रबरासारखीच तीही विलायतेहून यायची. आता दोन राहिली. मिस्त्रींनी तुटक्या पात्याचा तुकडा आणि सायकलची पट्टी भिंतीवर टांगली.

"जोड नको," ते म्हणाले. "धावंला कुठं उघडा जोड आसतो?"

धाव म्हणजे गाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी कडी. ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतात. मग गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की ती फुगते, चाकावर बसते आणि वर पाणी ओतलं की आवळून चाकाला असा विळखा घालते की जन्मभर सुटत नाही. मिस्त्रींनी आयुष्यात हजारो धावा बसवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते जुन्या बाजारात गेले आणि लष्करी मालमोटारीच्या दोन टाकाऊ ट्यूब घेऊन आले. ठिगळं लावलेल्या, सव्वा रुपयाला दोन.

"ट्यूब गोलच हाय की आयती," ते म्हणाले. "आडवी कापायची न्हाई. पोटाच्या कडंनं गोल गोल कापत जायचं. बिनजोडाची कडी मिळती." त्यांनी सुतळीने यंत्राच्या चाकाचा घेर घेतला, ट्यूबचा घेतला. ट्यूब चांगली चार बोटं कमी भरली. मी म्हणालो, "लहान आहे, मिस्त्री." ते मनापासून हसले. "लहानच पायजे, मालक. मोठी काय कामाची?"

उकळत्या पाण्यात मऊ केलेली ती कडी आम्ही चौघांनी ओढून चाकावर चढवली. ना डिंक, ना सोल्यूशन. तरी नखाने उचकटेना. मग मिस्त्रींनी काचेच्या तुकड्याने ती घासून घासून तळहातासारखी सपाट केली. गाडीचं चाक करणाऱ्याचा सगळा अभिमान त्या सपाटीत असतो. धावेची पाठ जरा फुगीर राहिली तर चाक रस्त्यावर डुलतं आणि सुताराचं नाव जातं. त्यामुळे पट्टी लावून त्यांनी चार चार वेळा तपासलं. एवढं रेखीव काम मी त्यांचंही कधी पाहिलं नव्हतं.

यंत्र सुरू केलं. टकटक नाही, धक्का नाही. मी टाळी वाजवणार तेवढ्यात पातं चाकावर हळूहळू पुढे सरकलं, कडेला आलं आणि खाली उतरून यंत्राच्या लोखंडी सांगाड्यावर घासलं. ठिणग्या उडाल्या. इंजिन बंद करेपर्यंत त्याचे सगळे दात गेले होते. एकच पातं उरलं. पुढचा दिवस दसऱ्याचा होता.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मी झेंडूचे हार आणले, बँडसॉ पुसून घेतली. मिस्त्रींनी वाकसाला, पटाशीला, रंध्याला गंध-फूल वाहिलं, पण यंत्राचा हार माझ्या हातून काढून घेतला. "बंद पडलेल्याची पूजा न्हाई. आजाऱ्याला हार घालत्यात व्हय? आदी बरं करू." आणि तो हार त्यांनी पाण्याच्या बादलीत ठेवून दिला.

त्याच दुपारी सोनबा आला. आपट्याची पानं आमच्या हातावर ठेवून पाया पडला आणि मग त्याची नजर शेडमध्ये फिरली. तुंबे होते, आरे होते, पुठे अवघे दोन. मी "होईल, होईल, थोडं राहिलंय" असं पुटपुटू लागलो. मिस्त्री मध्येच म्हणाले, "न्हाई, सोनबा. दोन येळा बिघाडलं. दुसरी चूक माझी हाय, मालकांची न्हाई. अजून मला कळंना का चुकलं ते."

सोनबाने एक आरा उचलला आणि परत जागेवर ठेवला. मग म्हणाला, "मिस्तरी, पाडव्याला न्हाई निघालो तर मुकादम दुसऱ्या गाड्या लावील. आमच्याकडं बाजरी हातभर बी वाढली न्हाई औंदा. मंग आट घरांनी काय खायचं, तेवढं सांगा." त्याने आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. मिस्त्री म्हणाले, "कोजागिरीपोतर थांब. तवाबी जमलं न्हाई, तर मी सोता तुझ्या वस्तीवर येतो आन्‌ जुन्या चाकांला ठिगळं मारून देतो." सोनबा मान हलवून गेला. जुन्या चाकांत ठिगळ घ्यायलाही काही उरलं नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

पुढचे दोन दिवस मिस्त्री जेवले की नाही मला ठाऊक नाही. भिंतीसमोर उकिडवे बसून ते टांगलेल्या चुकांकडे पाहत राहायचे. तिसऱ्या दिवशी बाजरी दळायला म्हणून गिरणीत गेले आणि डबा तिथेच टाकून, धोतराचा सोगा हातात धरून पळत आले. साठी उलटलेला, जन्मभर दुसऱ्यांना "दमानं" सांगणारा माणूस माळीवाड्यातून पळताना लोकांनी पाहिला.

"मालक, पोट हाय! त्येला पोट हाय!"

मला काही कळेना. त्यांनी मला हाताला धरून आमच्याच इंजिनापाशी नेलं. इंजिनाच्या पुलीवर दोन वर्षांचा भुसा आणि तेल थापलं होतं. पट्टा उतरवून ते त्यांनी पटाशीने खरवडलं आणि वर पट्टी आडवी धरली. पट्टी मध्ये टेकली आणि दोन्ही कडांना फट दिसू लागली. पुली सपाट नव्हती, मधोमध फुगीर होती. गिरणीत इंजिन बंद झाल्यावर पट्टा उतरवला, तेव्हा तिथल्या पुलीचं तसंच पोट त्यांना दिसलं होतं. "पट्टा उताराला जात न्हाई," ते धापा टाकत म्हणाले. "चढाला जातो. माथ्यावर जाऊन बसतो. आपल्या रबराला माथाच न्हाई, त्ये पातं बसंल कुठं? आन्‌ मी गाढव, जल्मभर गाडीची चाकं केली म्हनून ह्येबी सपाट केलं!" जुन्या रबराची पन्हळ झालेली, त्यामुळे त्याचा मूळचा आकार आम्हां दोघांनाही माहीत नव्हता. आणि उत्तर रोज आमच्या डोळ्यांसमोर गरगरत होतं.

उपायही त्यांनीच काढला. दुसऱ्या ट्यूबमधून दोन बोटं रुंदीची एक अरुंद कडी कापायची, ती आधी चाकाच्या मधोमध बसवायची, आणि तिच्यावर रुंद कडी चढवायची. खाली अरुंद, वर रुंद, की आपोआप मध्ये उंचवटा. दोन्ही चाकांचं सारखंच करायचं. नव्या ट्यूबची गरज नव्हती, पैचा खर्च नव्हता.

कोजागिरीच्या दिवशी सकाळीच आम्ही कामाला लागलो. कड्या मऊ करायला कढत पाणी कमी पडलं, तेव्हा एका सुताराने आमच्या घरातला तापलेला बंब उचलून आणला. कड्या चढल्या. मिस्त्रींनी शेवटचं पातं घातलं, ताण दिला, वरचं चाक हाताने दहा वेळा फिरवून पाहिलं. पातं जागचं हलेना. मी हँडलला हात घातला आणि "दमानं"ची वाट पाहू लागलो. त्यांनी मान नुसती हलवली.

इंजिन धडधडलं. पातं जरा डावीकडे गेलं, मग माथ्यावर चढलं आणि तिथे जे बसलं ते हललंच नाही. मिस्त्रींनी बाभळीची फळी पुढे केली. भुसा सरळ रेषेत खाली पडू लागला. पहिला पुठा कापून निघाला, त्यांनी तो जमिनीवर आखलेल्या चाकाच्या नकाशावर ठेवला, आणि रेघेला रेघ मिळाली. मी ओरडलो. तिघे सुतार ओरडले. मिस्त्री काठी दातांत धरून यंत्राला टेकले आणि तोंडातली काठी न काढताच हसायला लागले.

एवढ्यात मागून गर्जना झाली, "माझं अंघोळीचं पाणी कोणी पळवलं?" दारात अण्णा. कमरेला पंचा, अंगात काही नाही, हातात तांब्या. दोन वर्षांत त्यांनी शेडमध्ये टाकलेलं ते पहिलं पाऊल. पुढचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही. मिस्त्री दुसरा पुठा वळवत होते आणि वर्तुळाचा तुकडा डोळ्यांदेखत फळीतून सुटा होत होता. अण्णा पुढे आले. तिसरा, चौथा, सहावा. सहाही तुकडे मिस्त्रींनी जमिनीवर जोडून पूर्ण घेर केला, तसे अण्णा तांब्या बाजूला ठेवून खाली वाकले आणि सांधे चाचपून म्हणाले, "चाळीस वर्षं मी फळ्यावर वर्तुळं काढली. एकही असं मिटलं नाही. मिस्त्री, तुम्ही घरी चहाला या." मिस्त्रींनी बादलीतला हार काढला. पाच दिवसांत झेंडू थोडे काळवंडले होते. तो यंत्राला घातला आणि नारळ अण्णांच्या हातून फोडला. आमचा दसरा त्या वर्षी कोजागिरीला झाला.

शहाण्णव पुठे चार दिवसांत कापून झाले. पाडव्याच्या दोन दिवस आधी आठ गाड्या आमच्या मागच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. गोवऱ्यांची आग पेटली, लाल धावा चाकांवर बसल्या, पाण्याची वाफ उठली, आणि गाडीवानांची पोरं त्या वाफेत नाचली. पाडव्याच्या सकाळी अण्णांनी टोपी घालून प्रत्येक बैलाला कुंकू लावलं. गाड्या राहुरीच्या रस्त्याला लागल्या. सोनबा सर्वांत शेवटी निघाला. त्याने मिस्त्रींच्या पायाला हात लावला तेव्हा ते म्हणाले, "माझ्या न्हाई रं, बैलांच्या पड. आता वढायचं त्येंनीच हाय." वेशीपर्यंत ते गाड्यांबरोबर चालत गेले. मीही गेलो. नवी चाकं रस्त्यावर एका सुरात वाजत होती, आणि मला राजाच्या मिरवणुकीत चालल्यासारखं वाटत होतं.

युद्ध संपत आलं तेव्हा त्या कड्या झिजल्या. मिस्त्रींचे डोळे तोवर अधू झाले होते. त्यांनी मला ट्यूब आणून दिली, एका पाटावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी घेर घेतला, कड्या कापल्या, अरुंद आधी, रुंद नंतर, चढवल्या. इंजिन लावलं. पातं माथ्यावर जाऊन बसलं. मी वळून मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काय मिस्त्री?" ते उठले, चालत्या यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मला उद्याच्या मोटारीनं गावाकडं जाऊ द्या, मालक."

मी माझ्याच आनंदात होतो. मला वाटलं, चार दिवस जाऊन येतील.

दुसऱ्या दिवशी त्यांना जामखेडच्या सर्व्हिस मोटारीत बसवायला गेलो. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार सुटायला नेहमीप्रमाणे तास लागला. मी खिडकीशी उभा. पिशवीत त्यांनी वाकस, पटाशी, सगळीच हत्यारं भरलेली पाहिली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "परत कधी येणार?" मी विचारलं. ते शेजारच्या अनोळखी प्रवाशाकडे वळले आणि माझ्याकडे बोट दाखवून त्याला सांगू लागले, "ह्येंला बघून ठेवा. यंत्राची रबराची धाव बसवत्यात. सगळ्या नगरात दुसरा न्हाई. कुनाचं आडलं तर ह्येंच्याकडं धाडा. माझं नाव सांगू नका, ह्येंचंच सांगा."

मोटार हलली. मिस्त्री त्या माणसाला अजून माझ्याविषयीच सांगत होते, हातवारे करून, सगळे चार दात दाखवून हसत. मी भर रस्त्यात उभा राहून रडलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.